कानांनीं खेळावयाचे खेळ

मलकापूरच्या स्टेशनावर एखाद्या बांकावर स्वस्थ बसून डोळे मिटले, तर येणारी गाडी भुसावळकडची कीं नांदुऱ्याकडची, हें कोणासहि थोड्या वेळांत सांगतां येतें. इंजिनाचा आवाज वाढत वाढत एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे सरकतो. गाडी थांबणारी आहे कीं न थांबतां धडधडत निघून जाणारी आहे, हेंहि त्या आवाजावरूनच उमगतें. चहावाला डाव्या हातास उभा आहे, सामानाची हातगाडी मागून येत आहे, समोर कोणी पेटी ओढीत नेत आहे, हें सारें डोळ्यांवांचून कळतें. आपण डोळस माणसें ही विद्या क्षणभर वापरतों आणि डोळे उघडतांच विसरून जातों. ज्याला दृष्टि नाहीं, त्याला मात्र ती सकाळपासून रात्रीपर्यंत वापरावी लागते. याच विद्येच्या आधारानें अंध मुलें संगणकावरील व मोबाइलवरील खेळ कशीं खेळतात, आणि त्यासाठीं लागणारा हेडफोन कसा निवडावा, याचा विचार आम्हीं प्रस्तुत लेखांत योजिला आहे.

प्रथमदर्शनीं हा विषय कोणास हलका वाटेल. अंध मुलास शिक्षण मिळावें, उद्योग मिळावा, हें समजतें. परंतु खेळाची एवढी चर्चा कशाला, असेंहि कोणी म्हणेल. अशा वाचकांनीं एका घराचें चित्र मनांत आणावें. दिवाळीची सुट्टी आहे. तीन भावंडें एका मोबाइलभोवतीं बसलीं आहेत. दोघें खेळत आहेत. तिसऱ्यास दिसत नाहीं. तो वारंवार विचारतो, "आतां काय झालें?" पहिल्या दिवशीं त्याला उत्तर मिळतें. दुसऱ्या दिवशीं "थांब रे जरा" एवढेंच मिळतें. तिसऱ्या दिवशीं तो विचारीनासा होतो. घरांतील वडील माणसांस वाटतें, मुलगा समजूतदार आहे, हट्ट करीत नाहीं. वास्तविक तो समजूतदार झालेला नसतो. तो खेळाच्या बाहेर गेलेला असतो. ज्या वयांत हरणें, जिंकणें, भांडणें आणि पुन्हां एकत्र बसणें यांतून माणूस घडतो, त्या वयांत तो केवळ ऐकणारा पाहुणा होऊन राहतो. म्हणून हा प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटत नाहीं.

आपल्या देशांत अंधांच्या शाळांना आरंभ होऊन सवाशें वर्षांहून अधिक काळ लोटला. कुमारी ॲनी शार्प या मिशनरी बाईंनीं १८८७ सालीं अमृतसर येथें अंधांसाठीं शाळा काढली. मुंबईंत अमेरिकन मराठी मिशनच्या कुमारी ॲना मिलार्ड यांनीं १९०० सालीं अशीच शाळा सुरू केली; तीच पुढें दादरची अंधशाळा म्हणून प्रसिद्धीस आली. पुस्तकांतील अक्षर डोळ्यांस दिसत नाहीं, तर तें मुलाला कसें कळवावें, हा अशा प्रत्येक शाळेपुढील पहिला प्रश्न असतो. त्याचें उत्तर लुई ब्रेल (१८०९–१८५२) या फ्रेंच अंध शिक्षकानें देऊन ठेविलें होतें. सहा उठावदार टिंबांच्या त्याच्या लिपींत पुस्तक सोपें केलेलें नसतें, धडा लहान केलेला नसतो, व्याकरणाचा एकहि नियम माफ केलेला नसतो. मजकूर तोच राहतो. तो पोंचण्याची वाट मात्र बदलते. डोळ्याऐवजीं बोट, एवढाच फरक. खेळाच्या बाबतींतहि हाच नियम खरा आहे, असें आमचें म्हणणें आहे. अंधासाठीं खेळ सोपा करावयाचा नसतो. खेळांतील माहिती त्याच्यापर्यंत पोंचवावयाची असते.

याचें उत्तम उदाहरण म्हणजे बुद्धिबळ. अंध खेळाडूच्या पटावर प्रत्येक घरांत एक छिद्र असतें व मोहऱ्याच्या तळाशीं खुंटी असते. त्यामुळें चांचपतांना मोहरीं सरकत नाहींत. काळीं घरें किंचित् उंच असतात. काळ्या मोहऱ्यांवर बोटास कळेल अशी खूण असते. डोळस व अंध असे दोघे समोरासमोर बसले, तर अंध खेळाडू आपला निराळा पट जवळ ठेवूं शकतो, आणि प्रत्येक चाल मोठ्यानें उच्चारली जाते. आतां पाहा, बुद्धिबळांत "हात लावलेलें मोहरें हलविलेंच पाहिजे" असा कडक नियम आहे. अंधास तर पट समजण्यासाठीं प्रत्येक मोहऱ्यास हात लावावाच लागतो. मग काय, त्यास या नियमांतून सूट द्यावयाची? तसें केलेलें नाहीं. मोहरें छिद्रांतून उपटलें, म्हणजे त्यास "हात लागला" असें मानावें, असा नियम ठरला. कडकपणा तसाच राहिला. केवळ त्याची खूण बदलली. म्हणूनच अंध खेळाडूनें डोळसास हरविलें, तर त्या विजयांत दयेचा लवलेश नसतो.

या क्षेत्रांत महाराष्ट्रानें स्वस्थ राहून चालविलें नाहीं, हें सांगण्यास आम्हांस अभिमान वाटतो. मुंबईचे श्री. चारुदत्त जाधव यांची दृष्टि किशोरवयांत गेली. पुढें ते नामांकित बुद्धिबळपटू झाले. १९९७ सालीं स्थापन झालेल्या अखिल भारतीय अंध बुद्धिबळ महासंघाचे ते संस्थापक होत. परंतु त्यांचें दुसरें काम आमच्या विषयाशीं अधिक निगडित आहे. ते व्यवसायानें संगणकतज्ज्ञ आहेत. त्यांनीं "टॉक ६४" नांवाचा बोलणारा बुद्धिबळाचा संगणकी खेळ तयार केला. बुद्धिबळाच्या पटास चौसष्ट घरें असतात, त्यावरून हें नांव. कोणत्या घरांत कोणतें मोहरें आहे, प्रतिस्पर्ध्यानें कोणती चाल केली, हें संगणक आवाजानें सांगतो. शेजारीं बसून पट वाचून दाखविणारें माणूस नसलें, तरी अभ्यास अडत नाहीं. अंधांचें बुद्धिबळ ऑलिंपियाड २०१२ सालीं चेन्नई येथें भरलें, यावरून या खेळानें आपल्या देशांत किती मूळ धरलें आहे, याची कल्पना येईल.

बुद्धिबळांत विचार करण्यास वेळ असतो. पण ज्या खेळांत चित्रें पळतात, मोटारी धांवतात, तेथें काय करावयाचें? त्यासाठीं अशा खेळांतून डोळ्यांना कोणती माहिती मिळते, हें आधीं वेगळें करून पाहिलें पाहिजे. ती तीन प्रकारची असते. पहिली अक्षरांची: "खेळ सुरू करा", "पुढील पायरी", "पुन्हां प्रयत्न करा" इत्यादि. दुसरी स्थितीची: गुण किती झाले, शक्ति किती उरली. तिसरी जागेची: भिंत कोठें आहे, वळण कोणीकडे आहे, समोरून कोण येत आहे.

यांपैकीं अक्षरांची माहिती देण्यासाठीं पडदा वाचून दाखविणारे कार्यक्रम आहेत. संगणकावरील "एनव्हीडीए" हा कार्यक्रम ऑस्ट्रेलियांतील दोन अंध तरुणांनीं २००६ सालापासून तयार केला, व तो विनामूल्य मिळतो. अँड्रॉइड मोबाइलमध्यें "टॉकबॅक" व आयफोनमध्यें "व्हॉइसओव्हर" हे कार्यक्रम मुळांतच असतात. सेटिंगमध्यें जाऊन ते सुरू करावयाचे, एवढेंच. मराठी मजकूर मराठींत वाचणारे आवाजहि आज मिळतात. मात्र खेळ करणाऱ्यानें अक्षरें केवळ चित्र म्हणून काढलीं असतील, तर हे कार्यक्रम मुके होतात. म्हणून घेण्यापूर्वीं तो खेळ या कार्यक्रमांशीं बोलतो कीं नाहीं, हें विचारून घ्यावें. दुसऱ्या प्रकारची माहिती ठरावीक नादांनीं देतां येते. शक्ति कमी होतांच छातीचे ठोके ऐकूं येणें ही त्याची साधी युक्ति. तिसरी, जागेची माहिती सर्वांत कठीण, आणि तीच सर्वस्वीं दोन कानांवर अवलंबून आहे.

असे खेळ अस्तित्वांत आहेत, ही कल्पना नव्हे. जपानांत १९९७ सालीं केंजी एनो यांनीं "काझे नो रिग्रेट" नांवाचा एक खेळ काढला. त्यांत पडद्यावर चित्रेंच नव्हतीं, सर्व कथा आवाजांतून उलगडत असे. २०१५ सालीं फ्रान्समध्यें "अ ब्लाइंड लेजंड" हा मोबाइलवरील खेळ निघाला. त्याचा नायक अंध योद्धा असून त्याची लहान मुलगी त्याला हांक मारून वाट दाखविते. खेळाडूनें तिची हांक कोणत्या बाजूनें आली, हें ओळखून त्या बाजूस जावयाचें. हे खेळ मुळांतच कानासाठीं रचलेले. त्यापुढचें पाऊल २०२३ सालच्या "फोर्झा मोटरस्पोर्ट" या मोटारींच्या शर्यतीच्या खेळांत पडलें. तो खेळ सर्वांसाठींच आहे. परंतु त्यांत अंध चालकासाठीं निराळे नाद लावतां येतात. वळण डावीकडे कीं उजवीकडे, तें किती जवळ आलें, रस्त्याची कड कोठें संपते, वेग कोठें कमी करावा, हें सर्व ते नाद सांगतात. शर्यत तीच, प्रतिस्पर्धी तेच. पालकांस एक सूचना येथेंच द्यावीशी वाटते. अंधांसाठीं अनेक सोयी असलेले कांहीं प्रसिद्ध खेळ केवळ प्रौढांसाठीं आहेत, त्यांत रक्तपात आहे. तेव्हां सोयीबरोबर वयाची मर्यादाहि पाहावी.

आतां कान दिशा कशी ओळखतो, तें समजून घेऊं. कारण हेडफोनची निवड त्यावरच ठरते. हवेंत ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४३ मीटर आहे. डावीकडून आलेला आवाज डाव्या कानास आधीं व उजव्या कानास किंचित् उशिरां पोंचतो. हा फरक फार झाला तरी सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनहि कमी असतो. तरी मेंदूला तो कळतो. शिवाय मस्तक मध्यें आल्यामुळें दूरच्या कानास उंच स्वर मंद ऐकूं येतात. आवाज खोल असेल तर मेंदू मुख्यतः वेळेचा फरक पाहतो, उंच असेल तर जोराचा. हें तत्त्व लॉर्ड रॅले या शास्त्रज्ञानें १९०७ सालीं मांडलें. पुढचा आवाज कोणता व मागचा कोणता, हें ओळखण्यास मात्र कानाच्या पाळीची घडण उपयोगी पडते. चांगल्या खेळांत संगणक हीं सर्व गणितें करून प्रत्येक कानासाठीं निराळा आवाज तयार करितो. हेडफोनचें काम एवढेंच कीं, तो आवाज जसाच्या तसा, ज्या त्या कानास, वेळेवर पोंचवावा.

यावरून निवडीच्या कसोट्या आपोआप निघतात. पहिली कसोटी ही कीं, दोन्ही बाजूंचा आवाज समतोल असावा. एक बाजू किंचित् दबलेली असली, तर गाणें ऐकणाऱ्यास तें जाणवणारहि नाहीं. परंतु अंध खेळाडूचा रस्ताच वांकडा होईल. दुकानांत एकाच माणसाचें बोलणें लावून पाहावें. तें डोक्याच्या बरोबर मध्यभागीं ऐकूं आलें पाहिजे. मोबाइलमध्यें "मोनो ऑडिओ" नांवाची एक सोय असते. ज्याचा एक कान अधू आहे त्यास ती हितकारक, पण ती चालू राहिली तर दोन्ही कानांत एकच आवाज येऊन सर्व दिशा नष्ट होतात. हेडफोन वाईट आहे असें ठरविण्यापूर्वीं ही सोय बंद आहे ना, हें पाहावें.

दुसरी कसोटी वेळेची. ब्लूटूथच्या बिनतारी हेडफोनमध्यें आवाज पुष्कळदां सेकंदाच्या दहाव्या ते पांचव्या भागाइतका, कधीं त्याहूनहि अधिक उशिरां येतो. चित्रपट पाहणाऱ्यास याची झळ लागत नाहीं. परंतु अंध खेळाडूचें बोट व कान एकत्र चालतात. आम्ही स्वतः एकदां या चुकींत सांपडलों. महाग तेंच चांगलें, अशा समजुतीनें एका अंध विद्यार्थ्यासाठीं बिनतारी हेडफोन आणविला. पडदा वाचणारा आवाज एक पर्याय सांगे, तोंवर मुलाचें बोट पुढच्या पर्यायावर गेलेलें असे. शिवाय थोडी शांतता झाली कीं हेडफोन झोंपीं जाई आणि पुढील शब्दाचें पहिलें अक्षर गिळून टाकी. मुलानें दोन दिवस निमूटपणें तें सोसलें, आणि मग आपला जुना तारेचा हेडफोन परत मागितला. त्यास विचारून घेतलें असतें, तर पैसे वांचले असते. तारेचा हेडफोन साधा दिसतो. पण त्याचा आवाज वेळेवर येतो, व तो चार्ज करावा लागत नाहीं. बिनतारीच हवा असेल, तर स्वतःचा लहान यूएसबी तुकडा लावून चालणारा, खेळांसाठीं बनविलेला संच पाहावा. त्यांत विलंब पुष्कळच कमी असतो. नव्या मोबाइलला गोल पिनेचें छिद्र नसल्यास त्यासाठीं लहान जोडपट्टी मिळते.

तिसरी कसोटी मायक्रोफोनची. ज्या हेडफोनला बोलण्यासाठीं मायक्रोफोन जोडलेला असतो, त्यास हेडसेट म्हणतात. मित्रांशीं बोलत खेळावयाचें असेल तर तो हवाच. परंतु ब्लूटूथच्या पुष्कळ संचांत मायक्रोफोन सुरू होतांच येणारा आवाज टेलिफोनसारखा चपटा होतो व दिशा हरपतात. म्हणून दुकानांत नुसतें ऐकून न थांबतां, बोलत बोलतहि ऐकून पाहावें. पेटीवर "७.१" असे मोठे आंकडे छापलेले दिसतात, त्यांनीं भुलूं नये. माणसाला कान दोनच आहेत. खेळ स्वतःच दोन कानांसाठीं आवाज तयार करीत असेल, तर हेडसेटनें त्यावर पुन्हां आपली कारागिरी केल्यास दिशा स्पष्ट न होतां धूसर होतात. अशा वेळीं दोहोंपैकीं एकच सोय चालू ठेवावी.

चौथी कसोटी हाताची व अंगाची. डावी बाजू कोणती, हें बोटास कळलें पाहिजे. तशी खूण नसल्यास डाव्या बाजूस दोऱ्याची गांठ बांधावी. आवाज कमीजास्त करण्याचें चाक किंवा बटण चांचपून सांपडावें; केवळ दिवा लागून सूचना देणारा संच अंधास काय कामाचा? आपल्याकडे उन्हाळा कडक. वैशाखांत कृत्रिम कातड्याच्या गाद्या तासाभरांत घामानें भिजतात; कापडी गाद्या, आणि त्यांतहि काढून धुतां येणाऱ्या, आपल्या हवेस अधिक मानवतात. कान पूर्ण झांकणारा हेडफोन बाहेरचा गलबला अडवितो. पण मग दारांतून कोण आलें, आईनें हांक मारली कीं काय, हेंहि अंध मुलास कळत नाहीं. ज्या घरांत हें अडचणीचें होईल, तेथें बाहेरचा आवाज आंत येऊं देणारा प्रकार घ्यावा. गालाच्या हाडांतून आवाज पोंचविणारे हेडफोनहि निघाले आहेत. त्यांत कान उघडे राहतात, हा मोठा गुण; तथापि दिशा ओळखण्याचें काम त्यांत तितकें नेमकें होत नाहीं. आणि कोणताहि हेडफोन असो, रस्त्यानें चालतांना कान झांकूं नयेत. अंधाच्या हातांतील पांढऱ्या काठीइतकेच त्याचे उघडे कान त्याचे रक्षक आहेत.

शेवटची गोष्ट आम्हीं मुद्दाम शेवटीं ठेविली आहे. हेडफोनचा आवाज फार मोठा ठेवल्यास कानाच्या आंतील सूक्ष्म केसपेशी मरतात, आणि त्या पुन्हां उगवत नाहींत. जागतिक आरोग्य संघटनेनें प्रौढांसाठीं ८० डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास, व मुलांसाठीं ७५ डेसिबल आवाज आठवड्यास ४० तास, अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज तीन डेसिबलनें वाढला कीं सुरक्षित वेळ निम्म्यावर येतो. म्हणजे मुलानें ७८ डेसिबलवर ऐकल्यास मर्यादा २० तासांची झाली, ८१ वर १० तासांची. डोळस मुलाच्या कानास इजा झाली, तर त्याचें मोठेंच नुकसान होतें. परंतु त्याला डोळे उरतात. अंध मुलाचे कान गेले, तर दूरचें जग त्याला कळणेंच बंद होतें. ज्या खेळासाठीं आपण त्याला हेडफोन देतों, त्याच खेळानें त्याची वाट बुजवूं नये. म्हणून मोबाइलमधील आवाजाची कमाल मर्यादा ठरवून द्यावी, तासाभरानंतर कानांस विसांवा द्यावा, आणि खेळ संपल्यावर कानांत शीळ वाजते काय, हें मुलास विचारावें. वाजत असल्यास आवाज कमी करावा, व ती थांबत नसल्यास कानाच्या डॉक्टरांस दाखवावें.

पालकांस आमची एवढीच विनंति आहे कीं, हेडफोन घ्यावयाचा असेल तर मुलास बरोबर न्यावें आणि निवड त्याच्या कानांवर सोंपवावी. आपण किंमत सांगावी, गुण त्यास सांगूं द्यावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, तुम्हांस एक अभ्यास देतों. घरीं मोठ्या माणसांच्या संमतीनें मोबाइलचें टॉकबॅक सुरू करा, डोळ्यांवर रुमाल बांधा, आणि दहा मिनिटें एखादा बोलणारा खेळ खेळून पाहा. तुम्ही वारंवार हराल. मग ज्यास रोज असेंच खेळतां येतें, अशा मित्रास किंवा भावंडास बोलवा आणि त्याच्याकडून शिकून घ्या. त्या दिवशीं "आतां काय झालें?" हा प्रश्न तुम्ही त्यास विचारीत असाल, आणि त्यानें "थांब रे जरा" म्हटलें, तरी राग मानूं नका.